अडकलेल्या पैशांची गोष्ट ऐकताना: जुगार खेळणाऱ्यांच्या अनुभवांचा गुणात्मक अभ्यास, पायरीपायरीने

समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घेतलेल्या मुलाखतींचे उतारे तपासताना एक चूक मला वारंवार दिसते. वाईट संगत, मोठी हार, कर्ज, घरातली भांडणे आणि शेवटी व्यसनमुक्ती केंद्र, ही गोष्ट संशोधकाने मनात आधीच रचलेली असते आणि समोरचा माणूस बिचारा तिच्यातल्या रिकाम्या जागा भरून देतो. असा अभ्यास वाचून आकडा लावणाऱ्या माणसाविषयी नवे काहीही कळत नाही. पुढील मांडणी मटका, ऑनलाइन रमी किंवा क्रिकेटवरचा सट्टा खेळणाऱ्या मराठी भाषकांच्या मुलाखती घेणाऱ्या एकट्यादुकट्या संशोधकासाठी आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नये. विशेषतः दुसरी पायरी पुरी झाल्याखेरीज मुलाखतीसाठी एकाही माणसाशी संपर्क साधू नये.

## १. प्रश्न अरुंद करणे

‘जुगाराच्या व्यसनाची कारणे व परिणाम’ हा विषय पंधरा-वीस मुलाखतींनी सुटत नाही. कारण शोधायचे तर तुलना लागते, मोजमाप लागते आणि बराच काळ पाठपुरावा लागतो. मुलाखतीतून कळू शकते ते वेगळेच: खेळणारा माणूस आपल्या कृतीचा अर्थ स्वतःला कसा लावून देतो, कोणते शब्द वापरतो, दिवसाच्या कोणत्या वेळी काय करतो आणि कोणापासून काय लपवतो. म्हणून प्रश्न असा हवा: आकड्यात पैसे गेल्यावर माणूस घरी पोहोचेपर्यंत काय काय करतो? किंवा, खेळ थांबवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्याची संध्याकाळ कशी जाते?

शक्यतो एकच खेळ निवडावा. मटक्याला ओपन आणि क्लोजची, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या निकालाची, वेळ असते, त्या दोहोंमध्ये वाट पाहणे असते, कोपऱ्यावर आकडा लिहून घेणारा ओळखीचा चेहरा असतो. मोबाइलवरच्या रमीत यातले काहीच नसते; डाव संपला की लगेच दुसरा, तोही अंथरुणात पडल्या पडल्या. राज्य लॉटरी तर १९६९ पासून सरकारच चालवते, त्यामुळे तिकीट घेणाऱ्याला चोरटेपणा वाटतोच असे नाही. हे तिन्ही अनुभव एका पिशवीत कोंबले की हाती फक्त सरासरी उरते.

आता ‘समस्याग्रस्त’ कोणाला म्हणायचे हेही आधीच ठरवावे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ च्या वर्गीकरणात नऊ निकष आहेत आणि बारा महिन्यांत त्यांपैकी चार लागू पडले तर जुगार-विकाराचे निदान होते. पीजीएसआय (प्रॉब्लेम गॅम्बलिंग सिव्हेरिटी इंडेक्स) ही जुगाराच्या समस्येची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी ० ते २७ गुण देते. ८ किंवा अधिक गुण म्हणजे समस्या गंभीर. गुणात्मक अभ्यासात या चाचण्यांचा उपयोग आपण कोणाशी बोललो हे वाचकाला सांगण्यापुरताच ठेवावा. एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पूर्वीच्या वर्गीकरणातला ‘जुगारासाठी बेकायदा कृत्ये केली’ हा निकष २०१३ मध्ये वगळण्यात आला. मटका खेळणाऱ्याचा खेळच मुळात बेकायदा असल्याने जुन्या प्रश्नावलीतला तो प्रश्न आपल्याकडे नुसता गोंधळ उडवतो.

तपासणी: आपला प्रश्न कधीकाळी खेळलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारून पाहावा. तो एखाद्या दिवसाची हकिकत सांगू लागला तर प्रश्न चांगला आहे. त्याने समाजाच्या अधोगतीवर व्याख्यान सुरू केले तर प्रश्न अजून रुंद आहे.

## २. कायदा आणि धोक्याचा हिशेब

बहुतेकांचे पाऊल इथेच चुकते, कारण संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचा अर्ज ते इतर कोणाचा तरी उतरवून घेतात. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे आणि त्यात जुगाराच्या अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही शिक्षा आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांविषयी संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्याचा रोख मात्र वेगळा आहे. खेळ पुरवणारे, त्याची जाहिरात करणारे आणि पैशांचे व्यवहार हाताळणारे यांना त्यात शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणजे मटका खेळणारा आणि रमी खेळणारा आपल्यासमोर बसून सारखाच मोकळेपणा दाखवत असले, तरी दोघे पत्करत असलेला धोका सारखा नाही. शिवाय संशोधक आणि सहभागी यांच्यातल्या बोलण्याला वकील-अशिलाच्या संभाषणासारखे कायदेशीर कवच भारतात नाही. ‘तुमची माहिती पूर्णपणे गोपनीय राहील’ हे संमतीपत्रातले नेहमीचे वाक्य त्यामुळे खरे ठरत नाही. त्याऐवजी जे आपल्या हातात आहे तेवढेच लिहावे: नाव कुठेही नोंदवणार नाही, ध्वनिमुद्रण अमुक तारखेला पुसून टाकणार.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे वाचून मगच समितीसमोर जावे आणि तिथे पुढील गोष्टींचा आग्रह धरावा.

पहिली, सहीऐवजी तोंडी, ध्वनिमुद्रित संमती. साऱ्या अभ्यासात सहभागी व्यक्तीचे खरे नाव असलेला कागद बहुधा एकच असतो, तो म्हणजे सही केलेले संमतीपत्र. तोच नसला तर नाव फुटण्याची मोठी वाट बंद होते. दुसरी, अड्डा कुठे आहे, आकडा कोण घेते, वर कोणाला पोहोचवते, हे आपण विचारणार नाही आणि सहभागी सांगू लागला तर थांबवू, असे लेखी नमूद करणे.

तिसरी गोष्ट, जिवाच्या धोक्याची. कर्जात बुडालेल्या माणसाच्या तोंडून ‘आता संपवून टाकावं वाटतं’ हे वाक्य केव्हाही येऊ शकते. अशा वेळी विषय बदलू नये, मुलाखत थांबवून सरळ विचारावे: ‘जीव देण्याचा विचार मनात येतो का? आजही आला का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक, जवळच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाची वेळ आणि आपण स्वतः ज्यांना लगेच फोन करू शकतो अशा एका तज्ज्ञाचा क्रमांक पहिल्या मुलाखतीच्या आधी खिशात असला पाहिजे.

इशारा: गोपनीयतेला अपवाद असेल (उदाहरणार्थ, जिवाला धोका वाटल्यास आम्ही मदत बोलावू), तर तो संमती घेतानाच सांगावा. नंतर सांगितलेला अपवाद हा विश्वासघातच ठरतो.

## ३. माणसे शोधणे

व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन दहा जणांच्या मुलाखती आटोपणे सोपे असते, आणि म्हणूनच सगळे तेच करतात. पण केंद्रात काही आठवडे राहिलेला माणूस समुपदेशकाची भाषा शिकलेला असतो. ‘मला ट्रिगर आला’, ‘मी नकारात होतो’ असे तो सहज बोलून जातो. तो खोटे बोलत नाही. मात्र आपण त्याच्या अनुभवाबरोबर केंद्राचा अभ्यासक्रमही ध्वनिमुद्रित करत असतो. किमान तीन दारे ठोठवावीत: उपचार घेणारे, स्वतःहून सोडलेले आणि अजून खेळणारे. अजून खेळणारे ओळखीतून मिळतात, पण त्यात एक मेख आहे. ज्याने ओळख करून दिली त्याला कोण भेटले हे कळते. म्हणून ओळख करून देणाऱ्याने फक्त आपला क्रमांक पुढे द्यावा, फोन समोरच्यानेच करावा आणि ‘तो आला होता का?’ या प्रश्नाला कोणालाही उत्तर देऊ नये. गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमससारख्या स्वमदत गटांच्या बंद, म्हणजे फक्त सदस्यांसाठीच्या, बैठकीत सहभागी शोधायला बसणे सर्वस्वी गैर आहे.

‘बारा मुलाखती पुरतात’ हा आकडा प्रबंधामागून प्रबंध फिरतो. २००६ सालच्या ज्या लेखाच्या आधारे तो दिला जातो, त्यात घाना आणि नायजेरियातील बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या स्त्रियांच्या साठ मुलाखतींचे विश्लेषण होते आणि त्या विशिष्ट माहितीबाबत बहुतेक संकेत (उताऱ्यातल्या आशयाच्या तुकड्यांना दिलेली छोटी नावे) पहिल्या बारांत सापडले, एवढेच म्हटले होते. तुमच्या सहभागींमध्ये गिरणगावातला निवृत्त कामगार आणि हिंजवडीतला संगणक अभियंता असे दोघेही असतील, तर हा बाराचा दाखला तिथे चालत नाही.

पती-पत्नी दोघांच्याही मुलाखती घ्यायच्या असतील तर त्या वेगवेगळ्या दिवशी घ्याव्यात, संमती स्वतंत्र घ्यावी आणि एकाचे शब्द दुसऱ्यापुढे सूचकपणेही उच्चारू नयेत. गहाण पडलेल्या मंगळसूत्राची गोष्ट कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही, हे आपल्याला माहीत नसते.

## ४. जागा, वेळ, पैसे

वेळ ठरवताना खेळाचे घड्याळ पाहावे. निकालाच्या सुमारास बोलावलेला मटकेवाला शरीराने तुमच्यासमोर आणि मनाने फोनमध्ये असतो. आयपीएलच्या सामन्याच्या संध्याकाळचेही तेच. जागा अशी हवी की तिथे बसलेला माणूस पाहून कोणाला काही तर्क करता येऊ नये. सार्वजनिक वाचनालयातली बाजूची खोली उत्तम, सहभागीचे घर बहुधा अयोग्य.

आपण कसे दिसतो याचाही विचार हवा. वस्तीत वही-पिशवी घेऊन विचारपूस करणारा अनोळखी माणूस एक तर वसुलीवाला असतो नाही तर साध्या वेशातला पोलीस. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका मुलाखतीत समोरचे काका अर्धा तास फक्त ‘मी आता काही खेळत नाही’ एवढेच सांगत राहिले. निघताना त्यांनी हळूच विचारले, ‘मग हप्त्याचं कसं करायचं?’ त्यांनी मला कर्जवसुली करणारा समजले होते आणि मी तीस मिनिटे ते ओळखले नव्हते. तेव्हापासून पहिले वाक्य मी तेच ठेवले आहे: मी पोलीस नाही, बँकेचा नाही, तुमच्या घरच्यांनी मला पाठवलेले नाही.

मानधनावर समित्यांमध्ये हटकून वाद होतो. ‘पैसे दिले तर तो तेच लावेल’ हा आक्षेप मला पटत नाही. आपल्या वेळेचा मोबदला कसा खर्चावा हे ठरवण्याचा हक्क इतर कुठल्याही संशोधनात सहभागीलाच असतो. रक्कम प्रवासखर्च आणि बुडालेला रोज यांच्या जवळपास असावी, सर्वांना सारखी असावी आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच द्यावी. शेवटी दिली तर मधेच उठून जाण्याचे स्वातंत्र्य फक्त कागदावर राहते.

## ५. मुलाखत

सर्वाधिक चुका पहिल्या पाच मिनिटांत होतात. ‘व्यसन’, ‘जुगारी’, ‘बरबादी’ हे शब्द संशोधकाने आधी उच्चारू नयेत. समोरचा ‘नाद’ म्हणाला तर आपणही नाद म्हणावे, ‘खेळ’ म्हणाला तर खेळ. त्याने मध्येच शब्द बदलला तर तिथे थांबावे. पुढील दोन तुकडे नमुन्यादाखल मी रचले आहेत.

चुकीचा:

— या व्यसनामुळे तुमचे किती नुकसान झाले?
— झालं ना बरंच. चूकच झाली. आता सोडलंय सगळं.

बरोबर:

— काका, मागच्या महिन्यातला खेळलेला एखादा दिवस आठवा. उठल्यापासून सांगा.
— उठलो तेव्हाच डोक्यात सात होता. शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली, तिचा शेवटचा आकडा. डबा घेतला, कोपऱ्यावर पन्नास लावले ओपनला. आठ आला. म्हणजे बघा, एकानं चुकलं.
— मग?
— मग काय, पन्नास अडकले ना. ते काढायला क्लोजला दोनशे लावले.

पहिल्या प्रश्नाला कबुलीजबाब मिळतो, कारण प्रश्नच न्यायाधीशाच्या खुर्चीतून विचारलेला आहे. दुसऱ्या तुकड्यात ‘एकानं चुकलं’ आणि ‘अडकले’ ही दोन सोन्यासारखी वाक्ये हाती लागतात. सातऐवजी आठ येणे आणि सातऐवजी दोन येणे यांत गणिताने काडीचाही फरक नाही; दोन्हीकडे पैसे गेलेच. पण काकांसाठी आठ म्हणजे जवळपास जिंकणे आहे. मुलाखतकाराने इथे संभाव्यतेचा नियम समजावून सांगायचा नाही. ‘एकानं चुकलं तेव्हा कसं वाटलं?’ असेही घाईने विचारायचे नाही. ‘एकानं चुकलं’ हेच शब्द हलक्या आवाजात पुन्हा म्हणून गप्प बसावे. गप्प बसणे ही या कामातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. मनात दहापर्यंत मोजावे.

दिवसाची हकिकत संपली की मगच मागे जावे. कागदावर आडवी रेघ ओढून सहभागीलाच तिच्यावर खुणा करू द्याव्यात: पहिला डाव, पहिली मोठी जीत, पहिली उधारी, घरी कळले तो दिवस. हारण्यापेक्षा जीत कधी झाली हे आवर्जून विचारावे, कारण नवखे संशोधक ते विचारायला विसरतात आणि मग खेळण्यातला आनंद अभ्यासातून सगळाच गळून जातो. पैशांविषयी ‘एकूण किती गेले?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते आणि ते शोधण्यात माणूस खचतो. ‘त्या दिवशी खिशात किती होते, ते कशासाठी ठेवले होते?’ हा प्रश्न भिशीपर्यंत, मुलीच्या फीपर्यंत, लोन अ‍ॅपपर्यंत आपोआप घेऊन जातो.

इशारा: सहभागीला मोबाइलवरचे अ‍ॅप उघडून खेळ दाखवायला सांगू नये. ज्याने महिनाभर हात लावला नाही त्याच्यासाठी ती संशोधनाच्या नावाने दिलेली सूट ठरते. त्याने स्वतःहून पासबुक पुढे केले तर पाहावे, फोटो काढू नये.

शेवटची दहा मिनिटे उतरणीची ठेवावीत. आज घरी गेल्यावर काय करणार, कोण असेल, जेवण काय, असे साधे बोलून उठावे. दुसऱ्या दिवशी एक फोन करावा, पण तो कोणत्या क्रमांकावर आणि कोणत्या नावाने चालेल हे आधी विचारून ठेवावे.

## ६. ऐकलेले उतरवणे

त्याच रात्री टिपण लिहावे: आपल्याला कुठे राग आला, कुठे कीव आली, कोणता प्रश्न आपण टाळला. ध्वनिफितीच्या फाइलला सहभागीचे नाव देऊ नये. हे सांगावे लागते हेच दुर्दैव, पण फोनमध्ये ‘अमुक काका मटका’ नावाच्या फाइली मी पाहिल्या आहेत, त्याही क्लाउडवर आपोआप चढलेल्या.

मुलाखत मराठीतच, बोलीसह उतरवावी आणि विश्लेषणही मराठीवरच करावे. प्रबंध इंग्रजीत लिहायचा म्हणून लगेच भाषांतर करणाऱ्यांचे किती हातचे जाते पाहा. मराठी माणूस पैसे ‘हरलो’ म्हणतो, ‘गेले’ म्हणतो, ‘बुडाले’ म्हणतो आणि ‘अडकले’ म्हणतो. गेले ते गेले. बुडाले त्यात हळहळ आहे. पण अडकलेले पैसे अजून आपलेच असतात, फक्त ते काढायचे असतात. हरलेल्या पैशांच्या मागे आणखी पैसे लावत जाण्याचे सारे तर्कशास्त्र या एका क्रियापदात आहे. इंग्रजीत या चारही शब्दांचे एकच क्रियापद होऊन जाते आणि विश्लेषणाला काही उरत नाही.

तपासणी: पहिले दोन उतारे ध्वनिफीत ऐकत दुसऱ्याकडून पडताळून घ्यावेत, मात्र त्या दुसऱ्याचे नाव समितीच्या अर्जात असले पाहिजे.

## ७. अर्थ लावणे

मुलाखतींतून आशयसूत्रे, म्हणजे वारंवार वर येणारे मुख्य अर्थ, शोधण्यासाठी ब्रॉन आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मांडलेल्या सहा टप्प्यांचा आधार आपल्याकडे बहुतेक जण घेतात. तो घ्यायला हरकत नाही, पण टप्पे क्रमाने एकदाच ओलांडायचे नसतात, पुन्हा पुन्हा मागे यावे लागते. इथली ठरलेली चूक म्हणजे मुलाखतीतले प्रश्नच आशयसूत्रे म्हणून छापणे: ‘कारणे’, ‘परिणाम’, ‘कुटुंबाची भूमिका’. ही कपाटाच्या खणांवरची लेबले झाली. आशयसूत्र पूर्ण वाक्यात सांगता आले पाहिजे आणि ते कोणाला तरी अमान्य करता आले पाहिजे. ‘आर्थिक नुकसान’ हे कोणालाच अमान्य होणार नाही. ‘खेळणाऱ्याच्या हिशेबात पैसे हरलेले नसतात, अडकलेले असतात’ हे अमान्य करता येते, म्हणून त्यावर काम करता येते.

असे वाक्य हाती लागले की लगेच त्याच्या विरुद्ध जाणारा सहभागी शोधावा. आपल्याकडे पैसे ‘गेले’ असेच म्हणणारा, शांतपणे घरी जाणारा कोणी आहे का? असल्यास त्याने खेळ सोडला आहे का, की त्याच्याकडे घालवायला पुरेसे आहेत? अशा एका माणसाच्या उताऱ्यावर दोन दिवस घालवणे हे दहा नवे संकेत लावण्यापेक्षा फलदायी ठरते.

## ८. लिहिणे आणि पुसणे

टोपणनाव दिले की ओळख लपली, असे समजू नये. ‘सांगलीतील हळदीचे व्यापारी, वय ५२, तीन मुली’ एवढ्यावर सांगलीत नाव सांगणारे दहा जण भेटतील. गाव, व्यवसाय, कुटुंब आणि रक्कम यांतल्या दोनपेक्षा अधिक गोष्टी एका व्यक्तीजवळ एकत्र ठेवू नयेत. रक्कम बदलायची झाल्यास ती उत्पन्नाच्या प्रमाणात सांगावी. ‘दीड महिन्याचा पगार’ हे ‘अठ्ठावीस हजार’पेक्षा सुरक्षित आहे आणि वाचकाला अधिक कळते. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा, देवळातल्या घंटेची संख्या, मुलीची जन्मतारीख अशा भाग्याच्या खुणाही माणूस ओळखू आणतात. त्यांचा प्रकार ठेवून तपशील बदलावा आणि तसे पद्धतीच्या प्रकरणात नमूद करावे.

छापण्यापूर्वी अवतरणे सहभागीला वाचून दाखवावीत. वाचूनच दाखवावीत, कागद त्याच्या घरी जाऊ देऊ नये. त्याने एखादे वाक्य काढायला सांगितले तर कितीही मोलाचे असले तरी काढावे. मग समितीला कळवलेल्या तारखेला मूळ ध्वनिफिती पुसाव्यात, फोनमधून, संगणकातून आणि क्लाउडमधूनही, आणि पुसल्याची नोंद तारखेसह मार्गदर्शकाकडे द्यावी.